सारंगीचा अधिकृत आवाज

चौथी 'ब'ची शैक्षणिक सहल पनवेलजवळच्या वाद्यसंग्रहालयात न्यायचं शाळेने ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त हायसं वाटलं ते नीता मॅडमना. भाषेच्या तासाला इराने विचारलं होतं, "सारंगीचा आवाज कसा असतो?" मॅडमनी तो स्वतःही कधी ऐकला नव्हता. "सहलीत ऐकवते हं," असा शब्द देऊन त्यांनी वेळ मारून नेली होती. इरा असले शब्द विसरणाऱ्यांतली नव्हती.

संग्रहालय नेरे गावाच्या वाटेवर, एका बिल्डरने फार्महाऊसच्या प्लॉटांबरोबर उभारलेलं. संस्कृतीची सोय म्हणून, स्विमिंग पूलच्या शेजारी. सगळी वाद्यं काचेआड आणि प्रत्येक काचेवर 'हात लावू नये'. सारंगी सापडली तशी इराने काचेला नाक लावलं. नाकाबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं.

वाद्यं वाजवली की झिजतात, म्हणून वाजवून दाखवण्याची पद्धत नव्हती. आवाजासाठी क्यूआर कोड होता. मुलांना फोन आणायला शाळेची मनाई, त्यामुळे फोन फक्त मॅडमकडे. त्या स्पीकर लावणार इतक्यात सुरक्षारक्षक कमळाकरने 'शांतता राखा' ही पाटी दाखवली. इयरफोन चालेल, म्हणाला. पण एकाचा इयरफोन दुसऱ्याच्या कानात जाऊ नये, असं शाळेचं आरोग्यविषयक परिपत्रक होतं आणि त्याखाली सही खुद्द नीता मॅडमची होती.

अखेर वर्गाच्या वतीने मॅडमनी एकट्यांनीच सारंगी ऐकली. ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्ग वह्या उघडून उभा होता.

"गोड," त्या म्हणाल्या. "लिहा."

सगळ्यांनी लिहिलं. इराची पेन्सिल हलली नाही. "मॅडम, गोड म्हणजे कसा?"

मॅडमना तिचं फार वाईट वाटलं. दिलेला शब्द आठवला. त्या वाकल्या आणि तिच्या कानाशी तो सूर गुणगुणायला त्यांनी तोंड उघडलं.

"मॅडम, तोंडानं पन नाय," कमळाकर ओशाळून म्हणाला. "आमी इथं रोज असतो, आमी पन नाय आयकली."

तेवढ्यात बसवाल्याने हॉर्न दिला. त्या दिवशी मुलांना ऐकायला मिळालेलं ते एकमेव वाद्य.

चाचणीत प्रश्न आलाच. साऱ्या वर्गाने 'गोड' लिहून गुण मिळवला. इराने लिहिलं, 'मला माहीत नाही. मॅडमना माहीत आहे.' आदर्श उत्तरपत्रिकेत असलं काही नव्हतं. मॅडमनी जड मनाने फुली मारली.

पालकसभेला इराचे बाबा, अविनाश, तो पेपर घेऊन आले. मॅडम त्यांची माफी मागणारच होत्या, पण ते तणतणले ते इरावर. "साधं 'गोड' लिहायला काय झालं होतं तुला? सगळ्यांना माहीत असतं ते."

"बाबा, तुम्ही ऐकलाय?" इराने विचारलं.

अविनाशरावांनी घड्याळाकडे पाहिलं आणि उशीर झाल्याचं जाहीर केलं.

त्यांना हसताय? हसा. फक्त त्याआधी डोळे मिटून एकदा सारंगीचा आवाज आठवून बघा. गोडच ना? मग बसा खाली. पूर्ण गुण.