कोकरे सरांची दुरुस्ती

कोकरे सरांच्या शेजारी जेवायला बसू नये, हे आमच्या बारामतीत आता बहुतेकांना माहीत झालंय. ताटात भात पडतो, वाटीत आमटी येते, वर तेलाचा लालसर तवंग असतो. तुम्ही वाटी उचलायला जाता आणि सर तुमचं मनगट धरतात.

"ढवळू नका. जरा बघा."

मग दोघांनी वाटीत डोकावायचं. तेलाचे दोन थेंब हळूहळू सरकतात, एकमेकांना टेकतात आणि एक होऊन जातात. "बघितलं? भिंत न्हाय, कातडं न्हाय. तरी येगळा ऱ्हातोय. जेवा आता." तोवर जिलेबीवाला पुढच्या रांगेत गेलेला असतो.

इंदापूरच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाचं मनगट असंच धरलं. मामांना वाटलं, आमटीत काहीतरी पडलंय. त्यांनी आचाऱ्याला बोलावलं. आचाऱ्यानं घाबरून पातेलंच बदललं. सर शांतपणे सांगत होते, "पडलं काय न्हाय. मी प्रथिनांचं बोलतोय."

"ती डाळीत असत्यात सर," मामा म्हणाले. "डाळ चांगली हाय."

मी सरांच्या शाळेत कारकून होतो. दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो आणि योगायोगानं शेजारी झालो. सर मूळचे पणदऱ्याचे. आजोबांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी ऊस धरला, आणि सरांनी खडू. तीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं, पण बोलणं घरचं ते घरचंच राहिलं. वर्गात दरारा असा, की सर वळले की फळासुद्धा सरळ उभा राहायचा.

हे थेंबाचं सुरू झालं ते दोन वर्षांपूर्वी, ज्योतीमुळं. ज्योती त्यांची विद्यार्थिनी. आता पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करते. दिवाळीला सरांना भेटायला आली आणि तिनं मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. जिवंत पेशीच्या आत दोन गोल ठिपके तरंगत होते. ते जवळ आले आणि एक झाले.

"ह्यो काय प्रकार?" सर म्हणाले.

ज्योतीनं समजावलं. पेशीतले सगळेच भाग पटलाच्या पिशवीत बंद नसतात. काही प्रथिनांना ठरलेला आकार नसतो, त्यांच्या शेपट्या मोकळ्या असतात. त्या एकमेकींना हलकेच धरतात आणि सोडतात. गर्दी एका मर्यादेपलीकडं गेली की त्यांचा थेंब वेगळा होतो, पाण्यात तेल होतं तसा. आत दाटी असते, तरी प्रथिनं फिरत राहतात. काही बाहेर जातात, काही नवी येतात.

"म्हंजी भिंत न्हाय?"

"नाही सर."

सरांनी ती चित्रफीत परत लावायला सांगितली. मग आणखी एकदा. सरांच्या पत्नी मालतीबाई चकल्या घेऊन आल्या आणि तशाच घेऊन आत गेल्या. ज्योती गेल्यावर सर माझ्याकडं आले. खुर्चीवर न बसता म्हणाले, "मी तीस वर्सं पोरांना सांगितलं, पेशी म्हंजी वाडगं, आन आत पिशव्या. प्रत्येकाला भिंत. चुकीचं शिकवलं वो."

"तेव्हा पुस्तकातच तसं होतं."

"पुस्तक कुठं वर्गात उभं हुतं? मी हुतो."

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. हा त्यांचाच शब्द. जुने हजेरीपट मला शाळेतून मागून आणायला लावले आणि एकेका विद्यार्थ्याला गाठायला लागले. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक सोडायला लावून मॅनेजरला कोपऱ्यात नेलं. वालचंदनगरला एकाच्या क्वार्टरवर जाऊन, तो दाढी करत असताना, आरशातल्या त्याला पेशी समजावली. सगळे सरांचेच विद्यार्थी, त्यामुळं नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. पन्नाशीला आलेली माणसं हात मागं बांधून ऐकायची.

एका वकिलाकडं मात्र घोळ झाला. सर आत शिरले आणि म्हणाले, "पेशीत दुरुस्ती हाय."

वकिलानं डायरी ओढली. "कोर्टात कधीची पेशी लागलीय सर?"

"लागली न्हाय. सगळ्यांच्यात असती."

"समोरची पार्टी कोण?"

"प्रथिनं," सर म्हणाले.

वकिलानं ते लिहूनसुद्धा घेतलं. मी तिथंच होतो म्हणून सांगतो.

मालतीबाई वैतागायच्या. "चुकलं तर चुकलं. कुणाचं काय अडलंय?" सर नुसते हजेरीपटावर बरोबरची खूण करायचे. मला तेव्हा हा म्हाताऱ्या माणसाचा वेळ घालवायचा उद्योग वाटायचा.

गेल्या माघात एका सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. "गाडी काढता का? पळसदेवला जायचंय."

एरवी गाडीत त्यांचं तोंड मिटत नाही. त्या दिवशी भिगवण मागं पडलं तरी ते नुसती सदऱ्याची बाही सारखी करत होते. पळसदेवला पोचल्यावर विचारत विचारत आम्ही उजनी धरणाच्या पाण्याकडच्या एका पत्र्याच्या शेडपाशी आलो. एक बाई चिलापी मासे निवडत बसली होती. मोठे एका टोपलीत, लहान दुसरीत. सरांना बघून ती उठली आणि पदराला हात पुसले.

"सर? तुमी हितं?"

"तू सुनंदा ना? नववी ब."

"व्हय."

मला वाटलं, आता दुरुस्ती सुरू होणार. पण सर टोपलीतल्या माशांकडं बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "तू एकदा हात वर केला हुतास. मी फळ्यावर पेशी काढली हुती. तू म्हणालीस, सर, केंद्रकाला भिंत हाय, पर त्याच्या आतल्या ठिपक्याला, त्या केंद्रकीला, तुमी भिंत काढली न्हाय. मग ती इरघळत का न्हाय?"

सुनंदानं टोपलीवरची माशी हाकलली.

"मी काय म्हणलो, आठवतंय?"

"आठवतंय की," ती खाली बघत म्हणाली. "म्हणला हुता, शेण थापायला एवढ्या चौकशा लागत न्हायत. सगळा वर्ग हसला हुता."

सरांनी मान हलवली. "तू परत कधी हात वर केला न्हाईस. म्होरं कालिजातबी गेली न्हाईस."

"ते घरच्यांनी धाडलं न्हाय सर. तुमच्यामुळं न्हाय."

"खरं सांग."

सुनंदानं एक मासा उचलून उगीचच दुसऱ्या टोपलीत टाकला. "थोडं तुमच्यामुळंबी," ती म्हणाली. "मलाच वाटायला लागलं, आपल्याला डोकं न्हाय."

पाण्यावरून वारा येत होता. सर म्हणाले, "प्रश्न बरोबर हुता पोरी. तवा मोठ्या मोठ्या लोकांनाबी नीट ठाऊक नव्हतं. मी चुकलो. तेवढं सांगायला आलोय."

सुनंदानं शेडमधून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पुसली आणि त्यांच्यापुढं ठेवली. स्वतः टोपलीपाशी बसली.

"मग का इरघळत न्हाय?"

सरांनी सांगायला सुरुवात केली. शंभर जणांना सांगितलेली गोष्ट, पण या वेळी ते दोनदा अडखळले, मागं गेले, परत सुरू केलं. सुनंदा मन लावून ऐकत होती. केंद्रकी हा असाच एक थेंब आहे, इथवर आल्यावर ती म्हणाली, "म्हंजी ती प्रथिनं हात धरत्यात आन सोडत्यात, म्हणून थेंब पातळ ऱ्हातोय. मग सोडायचंच इसारली तर? घट्ट हुईल का त्यो? गारठ्यात चरबी थिजती तसा?"

सर खुर्चीत सरळ झाले. मला त्यांचा वर्गातला चेहरा आठवला. आता काय बोलतात, असं वाटलं.

"मला म्हाईत न्हाय," सर म्हणाले. "पर जिला म्हाईत हाय तिला इचारू."

त्यांनी ज्योतीला फोन लावला, "तुझ्या आधीच्या माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न हाय," एवढंच म्हणाले आणि फोन सुनंदाच्या हातात दिला. सुनंदानं आधी लाजत, मग नीट प्रश्न सांगितला. पलीकडून ज्योतीचा आवाज मोठा झाला, तो मलाही ऐकू आला. "ताई, अहो आमच्याकडं याच्यावरच काम चाललंय." काही प्रथिनं फार वेळ थेंबात राहिली की त्यांचं फिरणं थांबतं, थेंब घट्ट होतो, पुढं त्यात धागे धरतात. मज्जातंतूंच्या काही आजारांत असं दिसतं. पण आजार त्यानंच होतो का, हे अजून शोधतायत. सुनंदा मध्येमध्ये विचारत होती, ज्योती सांगत होती. दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. तिनं त्यांना हातानंच थांबवलं.

सर खुर्चीवरून उठून पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले होते. मी जवळ गेलो नाही.

परतताना भिगवणच्या अलीकडं सर म्हणाले, "तुमाला एक सांगू का? वर्गात कुणी हात वर केला की मला राग यायचा. सगळ्यांना वाटायचं, सर कडक हायत."

"होतातच तुम्ही कडक."

"न्हाय वो," ते म्हणाले. "भ्या वाटायचं. उत्तर आलं न्हाय तर काय, म्हणून."

आणि त्यांनी काच खाली करून तोंड बाहेरच्या उसाकडं वळवलं.