निळ्या स्वेटरावरून चंद्राने केलेले बंड

दोन खोल्यांच्या शाळेच्या मैदानावर सूर्यमाला उभी करावयाची मसलत कशी निघाली, चंद्राने ऐन वेळी बंड कसे केले, त्यापायी दोन घरांत कलह माजून एका म्हाताऱ्याचा चहा कसा तुटला आणि अखेर पृथ्वीचे एक वर्ष कोणत्या रीतीने पुरे जाहले, त्याची ही हकीकत. लेखकास अलंकार येत नाहीत. जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला, सबब चाक वाकडे असले तर वाकडे म्हणावे, एवढीच विद्या. कोणी पुसेल की तुम्ही इतके सर्व पाहिले कोठून, तर उत्तर ऐसे की प्रस्तुत लेखक या मोहिमेत खुद्द सूर्याच्या मनसबेवर मध्यभागी स्टुलावर बैसला होता आणि सकल फौजा त्याच्याभोवती फिरत होत्या, तेव्हा जे पाहिले ते चहूबाजूंनी पाहिले.

शाळेचे राज्य लहान. बाई एकच, वर्ग चार, आणि मुले इतकी की सर्वांनी एकदम शिंकले तरी शेजारी ऐकू जाऊ नये. परंतु बाई मोठ्या हिमतीच्या. त्या सालात त्यांनी विद्येच्या अनेक स्वाऱ्या काढल्या. प्रथम बरणीत ओल्या कापसावर वाटाणे रुजविले, ते एका वजनदार सरदाराने प्रयोग पुरा होण्याआधीच खाल्ले. मग गढूळ पाणी वाळूतून गाळले, ते पहिल्याहून गढूळ निघाले आणि त्याची कारणे फळ्यावर लिहिली. मग प्रत्येकाने आपली सावली खडूने आखली आणि दुपारी ती जागेवर नाही ऐसे पाहून पहिलीच्या वर्गात रडारड जाहली. हे सर्व रस्त्यावरून दिसे. मग पालकांत कुजबुज उठली की पोरे सदा मैदानात, तर शिकतात केव्हा? ती कुजबुज वरपर्यंत पोहोचली आणि फर्मान आले की तपासणीचे साहेब जातीने येऊन मुलांस काय येते ते पाहतील.

तेव्हा बाईंनी विचार केला की आता लहान लढाईने भागत नाही, आणि सूर्यमालेचा बेत ठरविला. मैदानात खुंटी ठोकून, दोरी लावून, फक्कीने मोठमोठी वर्तुळे आखली. ग्रह नेमताना मात्र हुशारी किंवा वय पाहिले नाही. ज्याच्या घरी ज्या रंगाचा स्वेटर, त्यास तो ग्रह, ऐसा हुकूम काढला, कारण कपडे नवे शिवावयास खजिना नव्हता. त्याप्रमाणे दुकानदाराच्या मुलीस लाल स्वेटराच्या बळावर मंगळ मिळाला. वाटाणे खाणारा सरदार बापाचा तपकिरी कोट घालून गुरू जाहला. शनीच्या कड्यास आमच्या दुकानातली जुनी ट्यूब दिली. नेपच्यूनपाशी काहीच नव्हते, सबब त्यास निळा टॉवेल बांधून दूरच्या सुभ्यावर रवाना केले. एक मुलगा उरला, तो आईची ओढणी शेपटी म्हणून लावून धूमकेतू जाहला आणि त्यास वाटेल तिकडे पळण्याची परवानगी मिळाली. ही परवानगी पुढे महागात पडली.

सूर्याचा प्रश्न राहिला. स्वस्थ बसेल ऐसे मूल शाळेत नव्हते. मग बाई आमच्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "काही करायचं नाही आजोबा. नुसतं बसायचं." आमची घरधनीण गेल्यापासून आम्ही तेच करीत होतो. अनुभव होता. होय म्हटले.

आता बंडाचे मूळ. निळा स्वेटर सबंध शाळेत एकच, आणि तो आमच्या धाकट्या मुलाच्या मुलापाशी, जो पहिलीत होता. सबब तो पृथ्वी जाहला. थोरल्या मुलाची मुलगी चौथीत. तिच्यापाशी पांढरा सदरा, सबब ती चंद्र. पृथ्वीने सूर्याभोवती फिरावे आणि चंद्राने पृथ्वीभोवती फिरावे, ऐसा निसर्गाचा कायदा बाईंनी वाचून दाखविला. त्यावर चंद्राने हाताची घडी घातली.

"मी याच्याभोवती नाही फिरणार."

"का गं?" बाई म्हणाल्या.

"मी मोठी आहे. हा माझ्याभोवती फिरू दे. आणि स्वेटर माझा आहे. आजीने माझ्यासाठी विणला होता. मला लहान झाला म्हणून याला दिला, नाहीतर मीच पृथ्वी होते."

दाव्यात खोटे काही नव्हते. घरधनिणीने तो स्वेटर या नातीसाठीच विणला होता, बाहीला चुकून एक ओळ पांढरी आली ती तशीच ठेवली होती, आणि तिच्या अंगास बसेना तेव्हा आपल्याच हातांनी धाकट्या नातवाच्या अंगावर चढविला होता. परंतु मेलेल्या माणसाची साक्ष काढता येत नाही. पृथ्वीने आपली बाजू मांडली ती एवढीच की, "आता माझा आहे," आणि बाही तोंडात धरली. मग चंद्र फौज सोडून पाण्याच्या टाकीवर जाऊन बैसला आणि तेथेच छावणी केली.

बाईंनी प्रथम सलोखा आरंभिला. गुरूस वकील करून टाकीकडे पाठविले, कारण तो सर्वांत मोठा ग्रह. त्याने जाताना सांगितले की मी तिला बरोबर पटवतो. चंद्राने त्यास मूठभर शेंगदाणे दिले, आणि तो परत येऊन म्हणाला, "बाई, तिचं बरोबर आहे." मग बाईंनी तहाची कलमे स्वतः नेली, ती ऐशी की पृथ्वीने प्रत्येक फेरीस चंद्रास ताई म्हणावे आणि कार्यक्रम संपताच स्वेटर एक दिवस चंद्राच्या घरी राहावा. पहिले कलम पृथ्वीने फेटाळले, दुसऱ्यावर ती मोठ्याने रडली, कारण ती स्वेटर घालूनच झोपत असे. चंद्राने उलट कलम पाठविले की सर्व जग स्थिर उभे राहील तर मी विचार करीन. बाई म्हणाल्या की विज्ञान तसे सांगत नाही. चंद्राने विचारले की विज्ञानाला आजीने स्वेटर विणला होता काय? त्यावर बाईंनी घंटा देवविली.

मग वणवा घरात आला. आमची दोन मुले एका भिंतीच्या दोन बाजूंस राहतात. पुढल्या खोलीत आम्ही. सकाळचा चहा थोरल्या सुनेकडून येतो, संध्याकाळचा धाकटीकडून, ऐसा बंदोबस्त घरधनिणीच्या मागे दोन्ही जावांनी आपसांत केला होता. थोरलीने भिंतीवरून कळविले की थोरल्या घरच्या मुलीने धाकट्या घरच्या मुलाभोवती घिरट्या घालाव्यात ही कुठली रीत? धाकटीने कळविले की ग्रह बाईंनी वाटले, आम्ही नाही मागायला गेलो.

"स्वेटर तर मागितलाच होतात ना!"

"जाऊबाई, सासूबाईंनी स्वतःच्या हाताने घातला त्याच्या अंगात. मी नाही ओरबाडला!"

"माझी लेक बघत बसली होती तेव्हा. दोन दिवस जेवली नव्हती. तुम्हाला काय ठाऊक!"

हे ठाऊक आम्हांसही नव्हते.

मग दोघींनी आमच्याकडे निवाडा मागितला की बाबा, तुम्हीच सांगा कोणाचे खरे. सायकलीचे असते तर सांगितले असते. तेव्हा थोरलीस वाटले की हे धाकटीकडचे आणि धाकटीस वाटले की हे थोरलीकडचे. मग सकाळचा चहा बंद जाहला आणि संध्याकाळचाही बंद जाहला, आणि सूर्य दोन्ही वेळा कोरडा राहिला.

घरधनीण असती तर ऐसे प्रसंगी काय करी ते आम्ही वर्षानुवर्षे पाहिले होते. ती तांदळाचे ताट घेऊन दोन्ही दारांच्या मधल्या पायरीवर बसे आणि खडे वेची. कोणाशी बोलत नसे. थोड्या वेळाने एक सून येऊन खडे वेचू लागे, मग दुसरी येई, मग तिघी काहीतरी तिसऱ्याच बाईचे बोलू लागत आणि तह होऊन जाई. आम्हांस वाटले की यात अवघड काय आहे? सबब ताट घेतले, तांदूळ ओतले आणि पायरीवर बैसलो. चष्मा आत राहिला होता. खडे म्हणून तांदूळ फेकले आणि खडे ठेविले. दोन्ही खिडक्यांतून दोघी पाहात होत्या, परंतु कोणी आले नाही. शेजारची कोंबडी आली. तिने फेकलेले सर्व टिपले आणि आणखी टाका म्हणून उभी राहिली. एवढ्यावर ती मोहीम फसली. आम्ही ताट उचलून आत गेलो.

मग साहेबांच्या स्वारीचा दिवस उजाडला. मैदानाच्या कडेस पालक बैसले. थोरली एका टोकास, धाकटी दुसऱ्या टोकास, आणि मध्ये सर्व गाव. साहेबांस शाळेची एकमेव खुर्ची दिली. आम्ही पिवळी चादर पांघरून स्टुलावर बैसलो. बाईंनी कानाशी येऊन ताकीद दिली, "आजोबा, काहीही होवो, हलायचं नाही. सूर्य हलला तर सगळंच गेलं." चंद्र पांढरा सदरा घालून आला खरा, परंतु थेट टाकीवर जाऊन बैसला. बाईंचा चेहरा उतरला. तरी घंटा दिली.

मग सर्व ग्रह निघाले. बाईंनी शिकविले होते की ग्रह सूर्याभोवती फिरतो आणि फिरताना स्वतःभोवतीही फिरतो. मोठी मुले चतुर होती. ती साहेबांच्या समोर येत तेवढ्यापुरती एक गिरकी घेत आणि पुढे चालत. शुक्र उलटा फिरतो म्हणून शुक्र उलटा चालला आणि बुधाच्या अंगावर गेला. गुरूचा कोट शनीच्या ट्यूबमध्ये अडकला आणि ते दोन्ही महाग्रह एकमेकांस ओढत राहिले. धूमकेतू परवानगीप्रमाणे वाटेल तिकडे पळत येऊन साहेबांच्या खुर्चीखालून गेला आणि ओढणी त्यांच्या पायाला गुंडाळली गेली. परंतु पृथ्वी पहिलीतली. तिला चतुराई ठाऊक नव्हती. बाईंनी सांगितले तेवढे सर्व, एकही गिरकी न चुकविता, ती करीत राहिली. गरगर फिरत, हात पसरून, डोळे मिटून. अर्धे वर्ष जाहले असेल नसेल, तोच तिचे पाय एकमेकांत गुंतले आणि पृथ्वी फक्कीच्या रेघेवर तोंडावर पडली.

मग रडणे ऐकू आले.

धाकटी सून उठली. थोरलीही उठली. मध्ये गाव होता, दोघींस वाट मिळेना. आम्हीही उठलो. चादर खाली पडली. तेव्हा टाकीकडून चंद्र धावत आला. वाटेत मंगळास ढकलले, शनीचे कडे ओलांडले, आणि धावता धावता हात वर करून आम्हांवर ओरडला, "आजोबा, तुम्ही बसा! सूर्य हलत नाही!"

आम्ही बैसलो.

चंद्राने पृथ्वीस उठवून बसविले. गुडघा पाहिला. फुंकर मारली. नाक वाहात होते, ते ज्या बाहीवर पांढरी ओळ होती त्याच बाहीने पुसले.

"एवढं गोल गोल कोणी फिरतं का, वेड्या?"

"बाईंनी सांगितलं होतं."

"बाई सांगतील. आपण थोडं कमी फिरायचं."

"अजून अर्धं वर्ष राहिलंय, ताई," पृथ्वी हुंदके देत म्हणाली. तहात जे कलम फेटाळले होते ते ऐसे फुकटात मंजूर जाहले, आणि दोघांच्याही ध्यानात आले नाही.

मग चंद्राने पृथ्वीस कडेवर घेतले. ओझे त्याच्या मानाने जड होते, कंबर एका बाजूस वाकली, परंतु त्याने रेघ सोडली नाही. पृथ्वी म्हणाली की मला स्वतःभोवतीही फिरव. चंद्राने हुकूम दिला की नाही, तू ओकशील. मग सर्व ग्रह जागच्या जागी उभे राहिले आणि पाहात राहिले, आणि चंद्र पृथ्वीस कडेवर घेऊन सूर्याभोवती निघाला, बुधाच्या वाटेस लागला नाही, मंगळाच्या हद्दीत शिरला नाही, आणि जेथून वर्ष सुरू जाहले होते त्या खुणेवर येऊन थांबला. तेथे पृथ्वीस खाली ठेविले आणि म्हणाला, "झालं वर्ष."

साहेब ओढणी पायातून सोडवीत होते. त्यांनी चंद्रास जवळ बोलावून पुसले की चंद्र पृथ्वीला उचलून नेतो, हे कोणत्या पुस्तकात आहे? चंद्र म्हणाला, "पुस्तकात नाही. पण हा लहान आहे, याला चक्कर येते." साहेबांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी जमिनीकडे पाहिले. मग साहेबांनी पृथ्वीस पुसले की तू किती फिरलास आणि त्याने काय होते? पृथ्वीने नाक ओढून सांगितले की स्वतःभोवती फिरलो की दिवस होतो आणि आजोबांभोवती फिरलो की वर्ष होते, आणि मी पडलो तेव्हा उन्हाळा होता. साहेब हसले. ते हसले म्हणून पालक हसले, आणि पोरे शिकतात केव्हा हा प्रश्न त्या दिवशी कोणी काढला नाही.

येणेप्रमाणे चंद्राचे बंड मोडले, किंवा चंद्राची फत्ते जाहली, जाणत्यांनी आपापल्या समजुतीने घ्यावे. स्वेटर पृथ्वीच्याच अंगावर राहिला, चंद्राने मागितला नाही. गुरू आणि शनी यांस कात्रीने सोडविले. संध्याकाळी थोरली सून चहाचा कप घेऊन आमच्या दारी आली, तोच धाकटीही कप घेऊन आली, आणि दोघी उंबऱ्यावर समोरासमोर थांबल्या. थोरली म्हणाली, "अगं, तू आणलास होय? मग मी कशाला केला!" धाकटी म्हणाली, "राहू दे वहिनी, तुमचा द्या, माझ्यात साखर जास्त पडलीय." थोरली म्हणाली की माझ्यात तर पडलीच नाही बहुतेक. मग दोघी गुडघा फार फुटला काय आणि ही एवढ्या लहान अंगाने त्याला उचलते कशी, हे बोलत पायरीवर बैसल्या, आणि दोन्ही कप आमच्या हातात राहिले.

घरधनीण असती तर तिने दोन्ही एका पातेल्यात ओतून, गोडी नीट करून सर्वांस वाटले असते. ते कसब आम्हांपाशी नाही. सबब एक बिनसाखरेचा आणि एक फार गोड, दोन्ही चहा आम्ही एकामागून एक प्यालो. बरे वाटले. कळावे.