बुवांच्या हारासाठी खत

दयारामने देवळात, सगळ्यांच्या देखत, बुवांच्या पायांवर डोकं ठेवून सांगितलं होतं, "बुवा, यंदा दत्तजयंतीचं कीर्तन माझ्या अंगणात. आणि तुमच्या गळ्यात हार पडंल तो माझ्याच अंगणातल्या झेंडूचा!"

बोलून बसला बिचारा. अंगण कसलं, तर सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या प्लॉटवर खाडीची रेती ओतून केलेला भराव. कळशीभर पाणी घालावं, तर कळशी खाली ठेवेपर्यंत जमीन कोरडी. झेंडूची रोपं उपास धरल्यासारखी पिवळी पडून उभी.

"अवो, रेतीला आधी शेणखत दाखवा, पाचोळा कुजवून घाला," त्याची बायको कमळाबाई म्हणाली. "नायतर माझ्यासारखी सदाफुली लावा. तिला हीच माती गोड लागते."

"बुवांच्या गळ्यात सदाफुली? अगं, ती कुंपणावरची! आणि पाचोळा कुजेपर्यंत दत्तजयंती होऊन जाईल."

तेवढ्यात त्याची थोरली बहीण ठमाबाई उरणहून आली. ती बाजारात सुकी मासळी विकायची. रोपांकडे बघून म्हणाली, "अरे दया, आपल्या आयशीनं नारळांना काय घातलं? सुकटीचा चुरा! मी गोणीभर देते. पन पूर मातर खोल. वर ठेवशील तर पस्तावशील."

आली का पंचाईत! दयाराम माळकरी. माळ घातल्यापासून त्याने सुकटीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पण शब्द देवळात दिलेला. शेवटी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, नाकाला उपरणं गुंडाळलं, डोळे घट्ट मिटले आणि दत्ताचं नाव घेत सगळी गोणी वाफ्यात रिकामी केली. डोळे मिटून खणलेला खड्डा किती खोल असणार! वरून मूठमूठ रेती टाकली आणि आंघोळीला पळाला.

पहिलं मांजर संध्याकाळीच आलं. दुसऱ्या दिवशी त्याने नातेवाईक आणले. वास दबावा म्हणून दयारामने भरपूर पाणी ओतलं, तर भिजल्यावर सुकटीला कंठच फुटला! कीर्तनाच्या दिवशी पहाटे बघतो तो वाफा उकरलेला, झेंडू मुळं वर करून पडलेला.

"कमळे, चारचौघांत शब्द दिलाय गं. आता बुवांना तोंड कसं दाखवू?"

कमळाबाई परडी घेऊन कुंपणाकडे गेली आणि गुलाबी-पांढऱ्या सदाफुलीचा भरगच्च हार ओवून बसली.

संध्याकाळी बुवा आले. हार डोळ्यांना लावून त्यांनी गळ्यात घातला, टाळ वाजला, आणि नेमका खाडीकडून वारा सुटला. वास अंगणातून थेट गल्लीत गेला. नाक्यावर बसणारी, एरवी कीर्तन म्हटलं की पायाला पाय लावून पळणारी पोरं एकेक करून मांडवात शिरली.

"काका, पंगत कधी बसणार?" त्यांतल्या हरेशने हळूच विचारलं.

"गप बस," दयाराम पुटपुटला. पोरं गप बसली. मांडव भरला. बुवांचा आवाज आणखी चढला.

"दयाराम, एवढी तरणी पोरं कीर्तनाला! काय केलंस रे बाबा?" बुवांनी मधेच थांबून विचारलं.

लोकांशी खोटं बोलता येतं. वीणा गळ्यात असलेल्या माणसाशी कसं बोलणार? दयाराम उठला, हात जोडले. "बुवा, पोरं कीर्तनाला नाय आली, सुकटीच्या वासाला आली. खत म्हणून मीच घातली. तरी झेंडू गेला तो गेलाच. तुमच्या गळ्यात हाय ती कुंपणावरची सदाफुली. माझा शब्द बुडाला."

हरेश पायाने चपला चाचपू लागला.

"बसा रे!" बुवा कडाडले. "गोकुळातला पोरगा लोण्याच्या वासाने घराघरांत शिरायचा. तुम्ही सुकटीच्या वासाने शिरलात. शिरलात ना? मग बसा! आणि दयाराम, हार अंगणातलाच आहे ना? मग शब्द बुडाला कसा?"

हसण्याने मांडव हलला. त्या रात्री पोरांनी टाळ्यांचा असा ठेका धरला, की मृदंगवाल्याला घाम फुटला.

आरती झाल्यावर बुवांनी दयारामला वाफ्याकडे नेलं. "सुकट उरणची ना रे?"

"व्हय बुवा."

बुवांनी डोळे मिटले आणि छाती भरभरून श्वास घेतला. मग आणखी एक.

"बुवा!" दयाराम दचकला. "तुमी माळकरी!"

"माळ गळ्यात आहे रे बाबा," बुवा डोळे न उघडता म्हणाले, "नाकात नाही."