कुलथे काका आणि तिकडचं नेट

डब्लिनजवळच्या ओंगारमधल्या आमच्या गल्लीत कुलथे काका दार उघडून बोलत नाहीत. ते दारातल्या टपालाच्या फटीतून बोलतात. बेल वाजवली की आत बराच वेळ काहीच हालत नाही. मग फटीचं पितळी झाकण किलकिलं होतं आणि गुडघ्याच्या उंचीवरून दोन डोळे आपल्याकडे बघायला लागतात.

आमची पहिली भेट अशीच झाली. आम्ही नवीनच राहायला आलो होतो, समोर मराठी माणूस आहे असं कळलं, म्हणून दिवाळीच्या फराळाचं ताट घेऊन गेले.

"कोण?"

"मी मृणाल. समोरच्या घरातली. फराळ आणलाय."

"कशावरून?"

मी ताटाकडे बघितलं. मग वाकून फटीकडे बघितलं. "म्हणजे?"

"भाजणीत काय काय आहे?"

"तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग..."

"धने?"

"धने-जिरे आहेत."

झाकण मिटलं. दार उघडलं, पण साखळी लावून, चार बोटांएवढंच. ताट त्यातून जाईना. शेवटी मी थंडीत उभी राहून एकेक चकली आत सरकवली आणि आतून एकेक "हं" अशी पोच आली.

मधुसूदन कुलथे. वय छप्पन, मूळचे पुण्याच्या नाना पेठेतले. डब्लिनच्या बाहेर हृदयात बसवायच्या बारीक नळ्या तयार करणारा एक कारखाना आहे, तिथे ते तपासनीस आहेत. दिवसभर भिंगाखाली नळ्या बघायच्या आणि खोड काढायची. "मला कंपनीने संशय घ्यायलाच ठेवलंय," असं ते अभिमानाने सांगतात. कामावर आठ तास घेऊन उरलेला संशय ते घरी आणतात. पाकिटावरचा पत्ता फाडून त्याचे अर्धे तुकडे या आठवड्याच्या कचऱ्यात टाकतात, अर्धे पुढच्या. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी चिकटवलेली आहे. गणपतीला हॉलमध्ये सगळ्यांचा फोटो निघाला, की ते नेमकं त्याच क्षणी मोदकांचं ताट चेहऱ्यासमोर धरतात. फोनवर 'आज कोरडं हवामान' असं आलं तरी ते "कशावरून?" म्हणतात आणि छत्री घेतात. आयर्लंडमध्ये हा संशय बहुतेक वेळा खरा ठरतो, ही त्यात भर.

"काका, लग्न का नाही केलंत?" मी एकदा विचारलं.

"स्थळं आली होती. एकाचीही माहिती पूर्ण जुळली नाही."

आता, जो माणूस सगळ्यांवर संशय घेतो त्याच्यावर सगळे संशय घेतात. आमच्या शेजारी नोरीन नावाच्या बाई राहतात, निवृत्त शिक्षिका. त्यांचं स्वयंपाकघर आमच्या घरांमधल्या हिरवळीकडे उघडतं, त्यामुळे त्यांना सगळं दिसतं. एक दिवस त्या मला कुंपणापाशी बोलावून म्हणाल्या, "तो युवर मॅन माणूस ग्रँड आहे गं, पण करतो काय?" आयर्लंडमध्ये 'ग्रँड' म्हणजे नुसतं ठीक, आणि ज्याचं नाव घ्यायचं नसतं त्याला 'युवर मॅन' म्हणतात. तो आपला कोणी नसतो.

काका करायचे ते असं. सुट्टीच्या दिवशी बरोबर बाराला ते हिरवळीवरच्या बाकावर येऊन बसायचे. दोन फोन. एक मांडीवर, एक हातात. मधूनच उठून चारी बाजूंना बघायचे. मग खालच्या आवाजात बोलायला लागायचे.

मी मराठी समजणारी एकटीच होते, तेव्हा ही जबाबदारी माझ्यावर आली. कचऱ्याचा डबा ओढत बाकाच्या मागून सावकाश गेले. कानावर पडलं ते हे:

"पाणी आलं का? पटकन. लाल तीन, निळ्या दोन. नाही, त्या लालचं पोट उसवलंय, ती राहू दे. पाणी जायच्या आत पाठव."

मी डबा तसाच ओढत परत आले. नोरीननी विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं, "पाण्याबद्दल बोलत होते." बाईंनी माझ्याकडेच संशयाने बघितलं. खरं सांगते, त्या दिवसापासून मीही पडदा जरा सरकवून ठेवायला लागले. लाल तीन काय? निळ्या दोन काय? आणि पोट कोणाचं उसवलं?

मग एका शनिवारी आमची बेल वाजली. दारात साक्षात काका. कोणाच्याही दारात न जाणारा माणूस, केस विस्कटलेले, हातात दोन्ही फोन.

"तुम्ही सँडीफोर्डला त्या जाहिरातवाल्या कंपनीत आहात ना?"

"हो."

"कशावरून?"

मी ओळखपत्र आणून दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासलं, मग आत आले आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसले.

"माझ्यावर आळ आलाय," ते म्हणाले. फोन पुढे केला. पडद्यावर फोटोंच्या एका साईटचा निरोप होता: या खात्यावर संशयास्पद हालचाली आढळल्यामुळे ते बंद करण्यात येत आहे.

"मला संशयास्पद म्हणतंय ते," काका म्हणाले. "मला!"

चहाचे दोन कप झाल्यावर हळूहळू उलगडा झाला. त्यांना एक धाकटी बहीण आहे, सुनंदा. ती ज्या देशात राहते त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण काकांनी तशी शपथ घातली आहे. ते स्वतःही नुसतं 'तिकडे' म्हणतात. तिकडे नेट सरकारच्या हातात आहे. कॉर्पोरेशन नळाला पाणी सोडते तसं ते सोडतात. बऱ्याचशा साईट कायमच्या बंद, उरलेलं कधी धो धो तर कधी करंगळीएवढं, आणि कधी दिवसेंदिवस नळ कोरडा. म्हणून बहीणभाऊ नेटला 'पाणी' म्हणतात.

सुनंदा तिकडे गोधड्या शिवते. टाका आपल्याकडचा, कापड तिकडचं. हाताखाली गल्लीतल्या सहा बायका तयार केल्यात. पण तिकडे बसून जगाला गोधड्या दाखवायच्या कशा? पाणी आलं की ती आडवाटेने साईटवर शिरायची आणि फोटो चढवायची. आडवाट म्हणजे असं एक अॅप, की ज्याने सकाळी ती जर्मनीत असल्यासारखी दिसायची आणि दुपारी सिंगापूरमध्ये. अर्धे फोटो मध्येच अडकले की काका ओंगारच्या बाकावरून तेच खातं उघडून उरलेले चढवायचे. तयार गोधड्या ओळखीच्या कोणाच्या तरी सामानातून यायच्या आणि काका त्या गिऱ्हाइकांना इथून पोस्टाने पाठवायचे. आता साईटच्या यंत्राला काय दिसलं असेल? एकच बाई एका दिवसात दोन देशांत आणि वर आयर्लंडमध्ये एक पुरुष. चोरच म्हणायचे.

"बाकावर का बसायचात पण?"

"घरातल्या वायफायवर माझा विश्वास नाही."

खातं परत उघडायला साईटची अट होती, की खात्याच्या मालकिणीने कॅमेऱ्यासमोर चेहरा डावीउजवीकडे वळवून दाखवावा. साधी गोष्ट. आम्ही सुनंदाला तसं कळवणार, तेवढ्यात तिकडे काहीतरी मोठं घडलं. काय घडलं ते बातम्यांत आलं, मग बातम्याही यायच्या थांबल्या. अख्ख्या देशाचा नळ बंद. निरोप जाईना, फोन लागेना.

काका रजा टाकून रोज बाराला बाकावर जायला लागले. दोन्ही फोन मांडीवर, दोन्ही मुके. चौथ्या दिवशी पाऊस होता. मी छत्री घेऊन शेजारी जाऊन बसले. तेव्हा ते न विचारताच बोलले.

सुनंदाने पुण्यात शिकायला आलेल्या तिकडच्या एका मुलाशी लग्न ठरवलं होतं. काकांनी त्याची चौकशी केली. त्याच्या खाणावळीत गेले, कॉलेजच्या शिपायाला भेटले, खोलीवरच्या मुलांना प्रश्न विचारले. अकरा पानी अहवाल लिहून वडिलांच्या हातात दिला.

"काय निघालं त्यात?"

"काहीच नाही. शेवटी लिहिलं, 'माहिती अपुरी. नकार द्यावा.'"

तो अहवाल सुनंदाने वाचला. लग्न केलं आणि गेली. त्यानंतर कित्येक वर्षं एक अक्षर नाही. मग तीन वर्षांपूर्वी अचानक तिचा निरोप आला: 'तुला चुका काढता येतात. माझ्या गोधड्या तपासून विकायला माणूस हवाय. करशील?' काकांनी 'हो' एवढंच लिहिलं. तेव्हापासून पाणी असेल तेव्हा बोलणं, पण फक्त मालाचं. रंग, माप, टाका.

"एकदाही कशी आहेस विचारलं नाहीत?"

"तिने विचारलं नाही. मी कसं विचारणार? तिला वाटलं असतं, पुन्हा चौकशी सुरू झाली."

मी त्या दिवशी जाहिरातवाली म्हणून त्यांना सल्ला दिला. पश्चिमेकडच्या गॉलवे शहरातल्या एका दुकानाने काचेत लावायला गोधड्या बघायला मागितल्या होत्या. साईटवरचं पान बंद पडलेलं दिसलं तर ते दुसरीकडे जाणार, आणि सहा बायकांचं काम जाणार. "तुमच्या नावाने नवीन पान काढा," मी म्हटलं. "पण खरं नाव आणि खरा चेहरा लागेल."

काका उठून चालायला लागले. मला वाटलं, रागावले. मग घरी गेले आणि लॅपटॉपवरची पट्टी काढली.

त्यांच्या घरात मी तेव्हा पहिल्यांदा शिरले. हॉटप्रेस, म्हणजे इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपडे उबदार ठेवायचं कपाट असतं ते, वरपासून खालपर्यंत गोधड्यांनी भरलेलं होतं. काकांचे स्वतःचे शर्ट खुर्चीवर. एक गोधडी घेऊन ते कॅमेऱ्यासमोर बसले. मी सांगितलं होतं, छान छान बोला. त्यांनी भिंग काढलं.

"धिस इज माय सिस्टर्स वर्क," ते म्हणाले. "आय हॅव चेक्ड एव्हरी स्टिच. हिअर, धिस वन इज क्रुकेड. अँड धिस. द रेस्ट आर ग्रँड."

मी कपाळावर हात मारला. असली जाहिरात मी जन्मात बघितली नव्हती. पण नोरीननी ती आपल्या सगळ्या मैत्रिणींना पाठवली आणि दोन दिवसांत लोक विचारायला लागले, 'तिरका टाका असलेली ती अजून आहे का?' जो माणूस आपणहून खोट दाखवतो त्याच्यावर कोण संशय घेणार? काका मात्र बुचकळ्यात पडले. "बिनचूक मागत नाहीत. कशावरून ही खरी गिऱ्हाइकं?" रोज ते एक गोधडी दाखवत, रोज एक खोड सांगत. गॉलवेच्या दुकानाने बारा मागितल्या. कपाट रिकामं होत चाललं. पण जिला ही बातमी सांगायची तिचाच पत्ता नव्हता. काकांनी दाढी करणं सोडलं होतं. तशाच चेहऱ्याने ते जगासमोर बसत होते.

पंधराव्या दिवशी, शनिवारी, बाराला दहा कमी असताना मी खिडकीतून बघितलं. काका बाकावर उभे होते. बाकावर म्हणजे बाकाच्या वर, फोन डोक्याच्या वर धरून. मी चपला घालून धावले.

"निरोप आलाय," ते म्हणाले. "तिच्या नंबरवरून."

पडद्यावर एकच ओळ होती: 'आम्ही ठीक आहोत. पान का दिसत नाही?'

"काका! लिहा काहीतरी!"

"कशावरून तीच आहे?" त्यांनी फोन छातीशी धरला. "फोन कोणाच्या हाती लागला असेल. पान कोणीही विचारेल."

ते खाली उतरून बसले आणि एकेका अक्षराने लिहिलं: 'सातवीत माझं प्रगतिपुस्तक कुठे गेलं?'

मला काही कळेना. काका फोनकडे टक लावून म्हणाले, "गणितात नापास झालो होतो. वडील फार मारायचे. सही घ्यायच्या आदल्या रात्री पुस्तक दप्तरातून नाहीसं झालं. शाळेने दुसरं देईपर्यंत पुढची परीक्षा आली आणि मार टळला. कोणी घेतलं ते घरात कधीच कळलं नाही."

उत्तर यायला चार मिनिटं लागली.

'मी बंबात घातलं. बाबा तुला मारतील म्हणून. तुला कोणी सांगितलं?'

काका हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते आणि ते पुरतं हसणंही नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"सकाळी बंब मी पेटवायचो. राखेत पुठ्ठ्याचा कोपरा होता. ती सात वर्षांची होती."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तिला मार बसला असता."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग गॉलवेच्या बारा गोधड्यांबद्दल लिहायला घेतलं, ते खोडलं. नवीन पानाबद्दल लिहायला घेतलं, तेही खोडलं. शेवटी दोनच शब्द लिहिले, माझ्याकडे न बघता पाठवून दिले: 'जेवलीस का?'

पडद्यावर तिकडून कोणीतरी लिहितंय असं दाखवणारे तीन ठिपके उमटले. थांबले. पुन्हा उमटले. गल्लीत नोरीन दार उघडून उभ्या होत्या, पण हाक मारत नव्हत्या. मी उठायला लागले तशी काकांनी हाताने खूण केली, बसा.

"लिहितेय," ते म्हणाले. थोड्या वेळाने फोन जरा जवळ घेतला. "अजून लिहितेय."