पंपाला चिकटलेले नवस

"पंप बसवायचा? अहो, माझ्या डाव्या हातचा मळ आहे तो!" एव्हारिस्तोनं धक्क्यावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. "सोळा जुलैला बघाच. माउलीच्या होडीपुढं माझी जेटस्की अशी सुटेल, की गोयो, तुझे डोळे पांढरे होतील!"

गोयो त्याचा कोंपाद्रे, म्हणजे त्याच्या पोरीचा धर्मपिता. जाळं विणता विणता तो एवढंच म्हणाला, "कुणाचे तरी होणार बाबा. कुणाचे ते बघू."

पुंता खोबो गावात सोळा जुलैला कार्मेन माउली, म्हणजे मेरीमाता, मच्छीमारांच्या होडीत बसून खाडीला फेरी मारते. तिच्यापुढं झेंडा घेऊन एकच जण जातो आणि त्याच्यापुढं कुणी म्हणजे कुणी जायचं नाही, अशी रीत आहे. सात वर्षं हा मान गोयोचा होता. यंदा एव्हारिस्तोनं फादरच्या मागं हात धुऊन लागून तो मिळवला होता.

आता मिरवायची हौस त्याला होती, नाही असं नाही. पण खरं कारण दोन्या तोमासा, त्याच्या सासूबाई! लग्नाला चौदा वर्षं झाली, पण या बाईच्या तोंडून जावयाचं नाव एकदाही निघालं नव्हतं. एव्हारिस्तो बर्फाची गाडी चालवतो, म्हणून तो 'बर्फवाला'. तोही समोर बोलायचा नाही. एव्हारिस्तो दारात उभा असला तरी त्या लेकीला सांगायच्या, "नेरेइदा, तुझ्या त्या बर्फवाल्याला म्हणावं, दार लावून घे." आणि यंदा याच सासूबाई माउलीच्या पायाशी बसणार होत्या. फेरीभर त्यांच्या डोळ्यांसमोर कोण? झेंडा धरलेला जावई! मग बघू कसं नाव घेत नाहीत ते.

नेमकं त्याच आठवड्यात जेटस्कीच्या पंपात दोरी अडकली. पंप बाहेर काढला, साफ केला, आता परत बसवायचा. हा पंप जेटस्कीच्या पोटाखालच्या भोकातून पाणी ओढतो आणि मागं फेकतो. त्याच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी पाण्याबरोबर हवा आत जाते. मग इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून कडेनं सगळीकडून सिलिकॉन भरायचं आणि चोवीस तास सुकू द्यायचं.

चौदा तारखेच्या सकाळी एव्हारिस्तोनं अंगणातल्या आंब्याखाली जेटस्की दोन जुन्या टायरांवर आडवी केली, पंप बसवला आणि भोकाभोवती सिलिकॉनची अख्खी नळी पिळली. मन भरेना, म्हणून दुसरीही अर्धी पिळली. बोटानं सारखं करून तो दोन पावलं मागं सरकला. चौकट कशी पांढरीशुभ्र आणि जाडजूड झाली होती! त्यानं त्यावर घरातली चांगली चादर बांधली.

"नेरेइदा! उद्यापर्यंत इकडं कुणी फिरकायचं नाही. हात नाही, बोट नाही, श्वाससुद्धा नाही!"

"एवढं काय करून ठेवलंयस?"

"उद्या कळेल!"

सिलिकॉन सुकतंय, एवढं सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती? पण नाही! स्वारी ऐटीत बर्फाच्या गाडीत बसली ती दोन दिवसांची गिऱ्हाइकं करायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परतला, तर अंगणात पंधरा-वीस बाया गुडघ्यांवर बसलेल्या! चादर पडद्यासारखी दोन्हीकडं सारून निळ्या फितीनं बांधलेली. जेटस्कीच्या पोटातल्या भोकात माउलीची छोटी मूर्ती, पुढं मेणबत्ती. आणि त्या पांढऱ्याशुभ्र चौकटीत, डाव्या हातचा मळ असलेल्या त्या चौकटीत, पत्र्याचे हात! पत्र्याचे पाय! डोळे, कान, काळजं आणि एक शेळी!

"हे... हे काय?"

"शूऽऽ! जप चाललाय," एक मावशी खेकसली.

ज्याचं जे दुखतं, त्यानं तो अवयव, नाहीतर आजारी जनावर, पत्र्याचं करून माउलीला वाहायचं, हा तिथला नवस. त्याला मिलाग्रो म्हणतात. एकदा वाहिलेला मिलाग्रो फादरनंच काढायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

नेरेइदानं त्याला बाजूला ओढलं. "तूच म्हणालास ना, कुणी हात लावू नका, उद्या कळेल! आईनं चादर जराशी वर करून बघितली. म्हणाली, अगं, यानं माउलीसाठी देव्हारा केलाय! चौकट ओली ठेवलीय, म्हणजे मिलाग्रो लावायलाच ना!"

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, असेल बाई. एवढं डोकं याच्याकडं असेल असं वाटलं नव्हतं, पण असेल."

एव्हारिस्तोनं हळूच एका पत्र्याच्या गुडघ्याखाली नख घातलं. सिलिकॉन दगड झालं होतं.

"तो माझा गुडघा आहे."

त्यानं चटकन हात मागं घेतला. मागं दोन्या तोमासा उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी तुला ओळखलंच नाही रे," त्या म्हणाल्या. 'तुला' म्हणाल्या! थेट त्याला! "चौदा वर्षं बर्फवाला बर्फवाला करत राहिले. आणि तू माझा गुडघा माउलीच्या पुढं नेणार!"

खरं काय ते सांगायला हीच वेळ होती. सासूबाई, हा देव्हारा नाही, पंप आहे आणि तुम्ही त्याचं वाटोळं केलंय. एव्हारिस्तोनं तोंड उघडलं आणि त्या भरल्या डोळ्यांकडं बघितलं.

"तुमच्यासाठीच केलं सगळं, सासूबाई," तो म्हणाला.

संध्याकाळी गोयोनं येऊन चौकट चाचपली. "अरे, यांनी अंगठ्यानं दाबून दाबून पार आत घुसवलेत! हवा ओढणार ही."

"वरून अजून सिलिकॉन भरू?"

"सुकायला चोवीस तास आणि मिरवणूक सकाळी दहाला."

"मग उपटून काढू?"

"गावाचे चौतीस नवस? काढ, खुशाल काढ. मी तेवढ्यात माझा बाडबिस्तरा आवरतो!"

सकाळी दहाला शंख फुंकले गेले. एव्हारिस्तोनं नवा पांढरा सदरा घातला होता. एका हातात झेंडा धरून त्यानं दुसऱ्या हातानं इंजिनाला जोर दिला. इंजिन असं किंचाळलं की धक्क्यावरची कुत्री पळाली. पण जेटस्की? ती आपली डुलत डुलत निघाली! मागं माउलीची होडी आणि तिच्यामागं चाळीस होड्या. रीत म्हणजे रीत, पुढं कुणी जायचं नाही. एक पेलिकन तेवढा शांतपणे पोहत पुढं निघून गेला.

"कोंपाद्रे, झोप लागली का?" गोयो ओरडला.

ऐन खाडीच्या मध्यावर एक मिलाग्रो सुटून आत गेला. खर्रर्र झालं आणि इंजिन बंद! गोयो दोरी घेऊन उभाच राहिला. आता दोरी बांधून ओढत नेणार, तेही सासूबाईंच्या डोळ्यांदेखत! एव्हारिस्तोनं झेंडा हँडलला बांधला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि बुटांसकट पाण्यात उडी मारली. दोन्ही हात जेटस्कीच्या मागं लावले आणि लागला पाय मारायला.

होडीत दोन्या तोमासा उठून उभ्या राहिल्या. "फादर! नवस बोललाय तो! इंजिन बंद करून पोहत चाललाय माउलीपुढं!"

फादरनं ते लाउडस्पीकरवरून सांगितलं. मग काय विचारता! चाळीस होड्यांतून शंख फुंकले गेले, बाया रडायला लागल्या. पोहोचायला दीड तास लागला. एव्हारिस्तो वाळूवर उताणा पडला. नाकातोंडात खारं पाणी, छातीचा भाता झालेला.

दोन्या तोमासा त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या.

"एव्हारिस्तो!" त्या म्हणाल्या.

नाव! चौदा वर्षांनी! त्याला ओ द्यायची होती, पण श्वासच पुरेना.

"एव्हारिस्तो, बाळा, किती वर्षांचा नवस बोललास रे?"

जरा थांबा, दम घेऊ द्या, म्हणून त्यानं हाताचा पंजा वर केला.

"पाच वर्षं!" सासूबाईंनी किनाऱ्याला ओरडून सांगितलं.

छे छे, तसं नाही, म्हणून त्यानं घाईघाईनं दुसराही पंजा वर केला.

"दहा!"

चर्चची घंटा वाजायला लागली.

त्या दहातलं हे चौथं वर्ष. मिलाग्रो फादरनं काढून नेले. पंप गोयोनं नव्यानं बसवला, दोन दिवस दाराला कुलूप लावून सुकवला. आता एक बुडबुडा आत शिरेल तर शपथ! घराजवळच्या किनाऱ्यापासून धक्क्यापर्यंत जेटस्की अशी सुसाट जाते की बघत राहावं. तिथं एव्हारिस्तो इंजिन बंद करतो, बूट काढून ठेवतो आणि उडी मारतो.

आणि फेरीभर मागच्या होडीतून सासूबाईंचा आवाज येत राहतो, "एव्हारिस्तो, जरा जोरात पाय मार! एव्हारिस्तो, ऊन चढतंय! एव्हारिस्तो, वाकडं चाललंय! एव्हारिस्तो!"