सेंगॉनच्या गाठी आणि इबूंचं विरजण

फळीवर बारा बशा होत्या. काचेच्या, झाकणाच्या, कडेने चिकटपट्टी गुंडाळलेल्या. आठ बशांत पांढरे बुळबुळीत ठिपके उगवले होते, तीन बशांत नुसतं धुकं धरलं होतं आणि एक तुलनेसाठी मुद्दाम कोरी ठेवलेली होती. पिनास्ती आंघोळीला गेली. परत आली तेव्हा फळी रिकामी होती.

त्या ठिपक्यांवर तिची पदवी टांगलेली होती. सेंगॉन या झाडाच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला पोसतात. एकाच झाडाच्या गाठींत निदान तीन प्रकारचे जिवाणू राहतात, हे तिला दाखवायचं होतं. "तीन दिसले तर ठीक, नाहीतर विषय बदल," असं तिचे मार्गदर्शक हंदारू सर यांनी बजावलं होतं, आणि आज दुपारी ते योग्याकार्ताहून बघायला येणार होते. ईदच्या सुटीत प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून बशा तिच्या भाड्याच्या खोलीत आल्या होत्या. नव्या गाठी आणायचीही सोय नव्हती. ते झाड तोडून खोक्यांच्या कारखान्यात गेलं होतं.

"इबू! माझ्या बशा कुठायत?"

घरमालकीण इबू तुमिरा अंगणात उकडलेलं सोयाबीन केळीच्या पानांत बांधत बसल्या होत्या. सगळी गल्ली त्यांच्याच हातचं टेंपे, म्हणजे विरजणाची बुरशी धरवलेली सोयाबीनची वडी, खायची.

"अगं, गुदमरले होते बिचारे!" इबू म्हणाल्या. "टेंपेला हवा लागते. तू आपली चहूकडून पट्टी मारून ठेवलेलीस. मी दातकोरणीने भोकं पाडली."

"भोकं?"

"आणि वर बुळबुळीत आलेलं, म्हणजे विरजण कमी पडलं. कडेकडेने भुरभुरवलं थोडं."

पिनास्ती मटकन पायरीवर बसली. "इबू, ते टेंपे नव्हतं हो!"

"तेच म्हणतेय ना मी. झालंच नव्हतं. आता होईल."

बशा उबेला गोणपाटाखाली ठेवल्या होत्या. पिनास्तीने गोणपाट उचललं. आठच निघाल्या.

"मग उरलेल्या यांनी नेल्या असतील बाजारात," इबू शांतपणे म्हणाल्या. "टेंपेच्या टोपलीतून."

पिनास्तीने स्कूटर पिटाळली. इबूंचे यजमान, पाक गिमिन, बाजाराच्या तोंडाशीच टोपली मांडून बसले होते. तीन बशा टोपलीत होत्या.

"चौथी?"

"ती होय? मला वाटलं, हिने काहीतरी नवीन काढलंय. त्या भजीवालीला दिली, म्हटलं तळून बघ."

पलीकडून भजीवाली ओरडली, "कसलं नवीन! कढईत पडल्या पडल्या पाणी झालं त्याचं! तेल उडून माझा हात भाजला!"

अकरा बशा घेऊन पिनास्ती परतली, तेव्हा सर ओसरीवर बसून तळलेलं टेंपे खात होते. इबूंनी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं, तेही अभिमानाने. सरांनी हात पुसले, भिंग काढलं आणि एकेक बशी उजेडात धरली.

"ही कडेची पूड?"

"माझं विरजण," इबू म्हणाल्या.

"उगवलं नाही."

"उगवलं नाही म्हणजे?"

"ही टेंपेवाल्यांकडे राहते कळलं, तेव्हाच मी सगळ्या बशांतल्या आगरच्या जेलीत बुरशी मारणारं औषध घातलं होतं." सर पिनास्तीकडे वळले. "ठिपक्यांचे प्रकार दोनच दिसतायत. धुक्यात काय आहे ते परवा कळेल. परवा येतो."

पिनास्तीने बशा पुन्हा उजेडात धरून मोजल्या; दोनच. इबू मात्र पांढऱ्या पडल्या होत्या.

"माझं विरजण फसलं? अहो, दगडावर टाकलं तरी धरतं ते! गल्लीत कळलं तर सोयाबीन बांधायचं कुठल्या तोंडाने?" त्या आत जाऊन डबा घेऊन आल्या. "ती कोरी बशी द्या इकडे."

सरांनी पिनास्तीकडे बघितलं, मग समोरच्या टेंपेकडे, आणि बशी दिली. इबूंनी मधोमध भरपूर विरजण टाकलं आणि बशी गोणपाटाखाली सारली. पुढचे दोन दिवस एकीने खोलीतल्या धुक्यावर नजर ठेवली, दुसरीने गोणपाटावर. जेवायला हाक मारली तरी दोघी उठत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सरांनी येऊन दोन्हीकडची झाकणं उघडली, मोजपट्टी लावून मोजलं आणि पिनास्तीला लिहून घ्यायला सांगितलं.

गाठींतल्या जिवाणूंचे प्रकार: चार. टेंपेच्या बुरशीची वाढ: शून्य मिलिमीटर.