डावांमध्ये म्हणजे नेमकं कधी?

समजा, तुम्ही एका टेबलाशी बसला आहात. पलीकडे तुमचा सख्खा मामा आहे, आणि त्याच्या मांडीवर पत्ते कसे खेळावेत याची एकशे बारा पानांची वही आहे. अनुक्रमणिकेसकट. आता स्वतःचा खिसा चाचपा. बसच्या तिकिटाएवढा चिटोरा, त्यावर तुमच्याच हातच्या चार ओळी. झालं, तुम्ही दहा वर्षांची टिकली झालात.

टिकली पत्त्यांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली होती. तीन डाव, दोन जिंकेल त्याला कप. गेली तीन वर्षं हा कप मामाच्या फ्रिजवर होता, आणि पाहुणे पाणी मागोत न मागोत, मामा त्यांना फ्रिजपर्यंत नेऊन आणत असे. टिकलीला तो तिथून हलवायचा होता.

पहिला डाव मामाने जिंकला. टिकलीने चिटोरा काढला.

"ठेव तो," मामा म्हणाला. "सातवा नियम वाच."

भिंतीवर लिहिलं होतं : तयार टिपणे डावांमध्ये पाहावीत.

"मग तेच करतेय की. दोन डावांच्या मध्ये."

"डावांमध्ये म्हणजे डाव चालू असताना. पंचसाहेब, सांगा हिला."

नियम पंचांनीच लिहिले होते. बत्तीस वर्षं परिपत्रकं लिहून ते निवृत्त झाले होते. त्यांतलं एकही कुणाला कळलं नव्हतं, म्हणून एकातही चूक सापडली नव्हती. "ते म्हणतात तोच अर्थ," पंच म्हणाले, कारण मामाचा आवाज मोठा होता.

दुसऱ्या डावात मामाने ऐटीत वही उघडली. अडचण एकच होती : मामाला मनातल्या मनात वाचता येत नसे. "चौकटचा राजा एकटाच उरल्यास... पान चौसष्ट," तो पुटपुटला. टिकलीने लगेच चौकटचा एक्का टाकून तो राजा बाहेर काढला. "हातात फक्त लहान पानं असल्यास... पान एक्क्याण्णव." पान सापडेपर्यंत डाव टिकलीचा झाला होता.

"हे चालणार नाही," मामा म्हणाला. "डावांमध्ये म्हणजे दोन डावांच्या मध्ये. कुणालाही विचारा."

"मघाशी तू वेगळं म्हणालास."

"मघाशी परिस्थिती वेगळी होती."

"होती ना. तू जिंकत होतास."

प्रेक्षकांत शाळेतल्या मराठीच्या बाई होत्या. त्यांना विचारण्यात आलं. "दोन्ही अर्थ होतात," बाई म्हणाल्या. "लिहिणाऱ्याने आधी विचार करायचा असतो."

पंचांचे कान लाल झाले. चूक कबूल करण्यापेक्षा नवा नियम करणं त्यांना सोपं वाटलं. त्यांनी खडूने लिहिलं : डावांमध्ये या शब्दाचे दोन्ही अर्थ रद्द समजावेत. मग वही आणि चिटोरा दोन्ही जप्त केले.

चिटोऱ्यावरच्या ओळी टिकलीला पाठ होत्या, कारण त्या तिने लिहिल्या होत्या. मामाची वही मामाच्या ऑफिसातल्या टायपिस्टने लिहिली होती.

तिसऱ्या डावात शेवटी दोघांकडे दोन-दोन पानं उरली. हुकूम केव्हाच संपले होते. दोनपैकी एक हात मिळाला तरी कप मामाचा. टिकलीला दोन्ही हवे होते. उतारी मामाची होती. त्याने रिकाम्या मांडीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "टिकले, आता काय टाकू गं?"

टिकलीने पडलेलं प्रत्येक पान लक्षात ठेवलं होतं. आणि मामाने विचारलं की खरं सांगायचं, एवढंच तिला माहीत होतं.

"बदामाची राणी टाक. तुझ्याकडेच आहे. माझ्याकडे एकही बदाम नाही, हात तुलाच मिळेल."

मामा गालातल्या गालात हसला. एवढीशी पोरगी आपल्याला गंडवायला निघाली, असं त्याला वाटल्याचं सगळ्या हॉलला दिसलं. त्याने तोऱ्यात किलवरची दुर्री टाकली.

टिकलीने तिच्यावर किलवरची तिर्री ठेवली. मग इस्पिकचा एक्का टाकला, आणि टेबलावरून वाकून राणी मामाच्या बोटांतून हळूच सोडवून घेतली.